मौनाची किंमत : बावला खून खटला आणि आरंभीचे गुन्हेपट

श्रीमंती, विवाहबाह्य संबंध आणि ब्लॅकमेल या तीन धाग्यांनी विणलेले कथानक हे अमेरिकी चित्रपटाच्या पहिल्या तीन दशकांतील हुकमी कथानकांपैकी एक होते. १९२५ साली मुंबईत अशाच धाग्यांचा एक खरा गुन्हा घडला, त्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला, मराठेशाहीतून उभ्या राहिलेल्या एका राजघराण्याच्या गादीपर्यंत त्याची झळ पोहोचली आणि त्याच वर्षी त्या घटनेवर बेतलेला एक मूकपटही मुंबईत तयार झाला. त्यामुळे हॉलिवूडच्या आरंभीच्या गुन्हेपटांचा विचार मराठी वाचकाला परक्या मुलखातून सुरू करण्याचे कारण नाही; मलबार हिलवरील बावला खून प्रकरण आणि त्यावरील ‘कुलीन कांता’ हा चित्रपट यांच्या आधारे तो अधिक नेमकेपणाने करता येतो. ही प्रकरणे आणि हे चित्रपट एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की या सगळ्या कथांचा खरा विषय प्रेम किंवा खून हा नसून पैशाच्या आणि सत्तेच्या बळावर दुसऱ्याचे, विशेषतः स्त्रीचे, तोंड बंद ठेवण्याचा प्रयत्न आणि तो प्रयत्न उघड्या न्यायालयात फसणे हा आहे.

तीन घटकांचे नाते

एखाद्याचे गुपित उघड करण्याची धमकी देऊन त्याच्याकडून पैसा किंवा काम उकळणे म्हणजे ब्लॅकमेल. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा शब्द नव्हता, तरी त्यातील कलम ३८३ मध्ये बलाद्ग्रहणाची, म्हणजे बोलीभाषेतील खंडणीची, जी व्याख्या होती ती ‘क्षती’ची भीती घालण्यावर आधारलेली होती आणि कलम ४४ ने क्षती या संज्ञेत शरीर, मन आणि मालमत्ता यांच्याबरोबरच लौकिकाला होणारी हानीही धरली होती. लौकिक ही हिरावून घेता येईल अशी वस्तू आहे हे कायद्यानेच मान्य केल्यामुळे, ज्याचा लौकिक मोठा आणि ज्याची तिजोरी भरलेली, तोच ब्लॅकमेलचे सर्वांत सोयीचे सावज ठरतो हेही ओघाने आले. गरिबाचे गुपित बाजारात विकत घेणारा कोणी नसतो. श्रीमंताच्या गुपिताला मात्र भाव असतो.

विवाहबाह्य संबंध या व्यवहारात शिरतात ते याच कारणाने. ज्या समाजात घराण्याची प्रतिष्ठा स्त्रीच्या वागणुकीवरून मोजली जाते, तेथे असा संबंध हे सहज सिद्ध होणारे आणि सहज विकले जाणारे गुपित असते. एखादे पत्र, एखादे छायाचित्र, हॉटेलातील एखादी नोंद एवढ्यावर ते उभे राहते. गुन्हेपटाच्या लेखकांना हे फार लवकर उमगले. पैसा हे साधन, व्यभिचार हे गुपित आणि ब्लॅकमेल हा त्या दोहोंमधला सौदा अशी ती मांडणी होती, आणि सौदा मोडला की खून होई, खून झाला की न्यायालय येई, न्यायालय आले की जे दडवायचे होते तेच जगासमोर येई.

खटल्याच्या पाठोपाठ पडदा

या प्रकारच्या चित्रपटाची सुरुवात हॉलिवूड वसण्यापूर्वीच झाली. २५ जून १९०६ रोजी न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवरील नाट्यगृहात प्रयोग चालू असताना पिट्सबर्गच्या एका गडगंज घराण्याचा वारस हॅरी थॉ याने नामवंत वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट याला गोळ्या घातल्या. ती इमारत व्हाइटनेच उभारलेली होती. थॉची पत्नी इव्हलिन नेस्बिट ही पूर्वी मॉडेल आणि नर्तकी होती, आणि ती अल्पवयीन असताना व्हाइटने तिच्यावर अत्याचार केला होता हे तिने साक्षीत सांगितले. वृत्तपत्रांनी ही साक्ष जवळजवळ शब्दशः छापली. १९०७ च्या पहिल्या खटल्यात ज्युरीचे, म्हणजे सामान्य नागरिकांमधून निवडलेल्या पंचांचे, एकमत झाले नाही. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात वेडसरपणाच्या आधारावर थॉ निर्दोष ठरला.

पहिला खटला गाजत असतानाच फिलाडेल्फियाच्या लुबिन कंपनीने १९०७ मध्ये ‘द अनरिटन लॉ’ हा लघुपट आणला आणि काही शहरांत पोलिसांनी त्याचे खेळ बंद पाडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिकागो नगरपालिकेने चित्रपट दाखवण्यापूर्वी पोलिसांची परवानगी घेणे बंधनकारक करणारा नियम केला आणि अमेरिकेतील चित्रपट-नियंत्रणाचा पाया घातला गेला. सनसनाटी खटला, त्यावरचा चित्रपट आणि चित्रपटामुळे उभे राहिलेले नियंत्रण हा क्रम पुढे जगभर दिसतो.

१९१५ साली सेसिल बी. डीमिल यांनी ‘द चीट’ या चित्रपटात हा विषय कलेच्या पातळीवर नेला. ईडिथ हार्डी ही उधळ्या स्वभावाची श्रीमंत गृहिणी रेड क्रॉससाठी जमवलेले दहा हजार डॉलर शेअरबाजारात गमावते, आणि ती रक्कम भरून काढण्यासाठी हस्तिदंताच्या वस्तूंचा व्यापारी असलेल्या एका धनाढ्य जपानी गृहस्थाकडून कर्ज घेते. बदल्यात तिने त्याच्याकडे यावे अशी अट असते. पुढे पतीला बाजारात फायदा होतो, ती पैसे परत करायला जाते, पण तो सौदा मोडू देत नाही. आपल्या मालकीच्या वस्तूंवर तो ज्या लोखंडी शिक्क्याने खूण करतो तोच तापलेला शिक्का तो तिच्या खांद्यावर उमटवतो. ती त्याच्यावर गोळी झाडते, पती गुन्हा अंगावर घेतो, आणि भर न्यायालयात ती पदर बाजूला सारावा तसे वस्त्र सारून तो डाग दाखवते. या शेवटच्या दृश्यात डाग हाच पुरावा होतो, कारण जे लपवण्यासाठी कर्ज घेतले, खोटे बोलले गेले आणि गोळी झाडली गेली, तेच उघड केल्याशिवाय पतीची सुटका होत नाही. चित्रपटाचे छायाचित्रकार ॲल्व्हिन वायकॉफ यांनी चेहऱ्याची एकच बाजू उजळणारी आणि बाकी सारे अंधारात ठेवणारी प्रकाशयोजना वापरली, आणि उघड व गुप्त यांमधील हा झगडा प्रकाशानेच मांडला. जपानी व्यापाऱ्याची भूमिका सेस्यू हायाकावा यांनी केली होती. अमेरिकेतील जपानी समाजाने या चित्रणाचा निषेध केला, तेव्हा १९१८ च्या नव्या आवृत्तीत उपशीर्षके बदलून ते पात्र ब्रह्मदेशी करण्यात आले. पात्राचे राष्ट्रीयत्व बदलले तरी परकीय श्रीमंत म्हणजे धोकादायक हा पूर्वग्रह मात्र तसाच राहिला, आणि ही त्या काळच्या गुन्हेपटांची मोठी उणीव होती.

मलबार हिल, १२ जानेवारी १९२५

‘द चीट’ प्रदर्शित होऊन दहा वर्षे होत नाहीत तोच मुंबईत घडलेल्या घटनेने कल्पित कथेला मागे टाकले. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी अब्दुल कादर बावला हा पंचविशीतला धनाढ्य व्यापारी मलबार हिलवर मोटारीतून फिरायला निघाला होता. त्याच्यासोबत मुमताज बेगम ही तरुणी आणि त्याचा व्यवस्थापक होता. पाठीमागून आलेल्या एका लाल मॅक्सवेल मोटारीने त्यांची वाट अडवली, त्यातून उतरलेल्या माणसांनी मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न केला, बावलावर गोळ्या झाडल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूने वार केले. त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकून तेथे पोहोचले. त्यांच्यापैकी लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांवर चाल केली आणि स्वतः गोळ्या लागून जखमी झाले, तरी मुमताज वाचली आणि एक हल्लेखोर जागीच पकडला गेला. बावला मात्र त्या जखमांतून वाचला नाही.

तपासाचा माग इंदूरला जाऊन पोहोचला. मुमताज ही इंदूरचे महाराजा तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाला अनेक वर्षे होती आणि ती तेथून निसटून पुढे मुंबईत बावलाच्या घरी राहू लागली होती. तिला परत पाठवावे यासाठी दबाव आला होता, बावलाला धमक्याही मिळाल्या होत्या. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील लोकांच्या मनात होळकर हे नाव वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आणि तेथील शिवालय तीर्थ यांच्या जीर्णोद्धारामुळे अहिल्याबाईंशी जोडलेले आहे. एका स्त्रीच्या न्यायी कारभारामुळे देशभर आदराने घेतले जाणारे हे नाव, दुसऱ्या एका स्त्रीला जबरदस्तीने परत आणण्याच्या कटाच्या संदर्भात न्यायालयात उच्चारले जावे, यात या प्रकरणाने त्या काळच्या समाजाला दिलेल्या धक्क्याचे एक कारण सापडते.

खटला न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे एप्रिल-मे १९२५ मध्ये चालला. आरोपी नऊ होते आणि त्यांत शफी अहमद, शामराव दिघे, पुष्पशील पोंडे यांच्याबरोबर इंदूरच्या लष्करातील वरिष्ठ अधिकारी सरदार आनंदराव फणसे यांचाही समावेश होता. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा उभे राहिले, तर फणसे यांचा बचाव बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी केला. २३ मे १९२५ रोजी लागलेल्या निकालात तिघांना फाशीची आणि फणसे यांच्यासह काहींना जन्मठेप-काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांनी प्रत्यक्ष हल्ला केला त्यांच्या मागे इंदुरात कोणीतरी असले पाहिजे, अशा आशयाचे मत न्यायमूर्तींनी नोंदवले. महाराजा स्वतः आरोपी नव्हते, कारण संस्थानिकांवर ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयात खटला चालवता येत नसे. अखेर चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी असा पर्याय ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे ठेवला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्या बाजूने राजत्याग केला.

या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची ठरली ती मुमताजची साक्ष. आपण राजवाड्यात कशा राहत होतो, आपल्याला झालेली मुलगी जन्मानंतर मारली गेली असा आपला आरोप का आहे, आणि तेथून निघून जाण्याचा निश्चय आपण का केला, हे तिने न्यायालयात स्वतः सांगितले. चेहऱ्यावरच्या वारांमागे जीव घेण्यापेक्षा विद्रूप करण्याचा हेतू दिसतो, कारण पळून गेलेली स्त्री ही कोणाची तरी मालमत्ता असून तिच्यावर मालकाची खूण उमटली पाहिजे, हाच विचार त्या चाकूमागे होता. ‘द चीट’ मधील तापलेला शिक्का आणि मलबार हिलवरचा चाकू यांचा अर्थ एकच आहे, आणि दोन्ही प्रसंगी तो डागच गुन्हेगाराच्या विरोधात पुरावा झाला.

दोन कायद्यांच्या सीमेवर

हा गुन्हा उघडकीस येऊ शकला याचे एक कारण भूगोलात आहे. मलबार हिल ब्रिटिश मुंबई इलाख्यात होती. तेथे मुंबई पोलिसांचा तपास, उच्च न्यायालयाची जाहीर सुनावणी आणि दररोज साक्षी छापणारी वृत्तपत्रे होती. हेच प्रकरण संस्थानाच्या हद्दीत घडते तर ते राजवाड्याच्या भिंतींबाहेर पडण्याची शक्यता फार थोडी होती. त्या काळचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि सत्तेच्या दोन व्यवस्थांमधील हा फरक मराठवाड्याने १९४८ पर्यंत रोजच्या जगण्यात अनुभवला.

हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात लौकिकावर घाला घालणाऱ्या छापील मजकुराचे एक गाजलेले उदाहरणही आहे. १८९२ साली एका निनावी पत्रिकेने निजाम सरकारचे गृहसचिव मेहदी हसन यांच्या युरोपीय पत्नीच्या पूर्वायुष्यावर आणि त्यांच्या विवाहाच्या वैधतेवर गलिच्छ आरोप केले. मेहदी हसन यांनी पत्रिका छापल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीवर खटला भरला. तो ब्रिटिश रेसिडेन्सीच्या न्यायालयात, म्हणजे संस्थानात राहणाऱ्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या अधिकारक्षेत्रात, अनेक महिने चालला. मात्र आरोपी सुटला आणि मेहदी हसन यांनाच पद गमवावे लागले. येथे कोणाचा खून झाला नाही, तरी गुन्हेपटांचे सारे घटक हजर आहेत: उच्च पद, वैवाहिक गुपित, निनावी मजकूर आणि लौकिकाचा नाश. एका स्त्रीचे खासगी आयुष्य दरबारी राजकारणाचे हत्यार कसे होते, हे चित्रपट या माध्यमाचा जन्म होण्यापूर्वीच दख्खनने पाहिले होते.

चित्रपटांबाबतही संस्थान आणि इलाखा यांत अंतर होते. धीरेन गांगुली यांनी हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी सुरू केली होती, पण १९२४ मध्ये रझिया सुलतानाच्या कथेवरील चित्रपट दाखवल्यावर निजामाच्या रोषामुळे त्यांना संस्थान सोडावे लागले. ब्रिटिश मुलखात नियंत्रण नव्हते असे मुळीच नाही. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे, म्हणजे चित्रपट दाखवण्यापूर्वी तो तपासणारी मंडळे, स्थापन झाली; आणि संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या छापील मजकुराला शिक्षा ठरवणारा कायदा १९२२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी विधिमंडळाचा विरोध डावलून आपल्या विशेषाधिकाराने आणला. म्हणजे महाराजांबद्दल बोलणे ब्रिटिश मुलखातही जोखमीचेच होते. फक्त तेथे एक गोष्ट अशी होती जिच्यावर कोणाचा पहारा बसवता येत नव्हता, आणि ती म्हणजे जाहीर न्यायालयात दिलेली साक्ष.

‘कुलीन कांता’ आणि मुंबईचा मूकपट

या साक्षीवर पहिला हक्क वृत्तपत्रांचा आणि दुसरा चित्रपटाचा ठरला. द्वारकादास संपत यांच्या कोहिनूर फिल्म कंपनीने १९२५ मध्येच होमी मास्तर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला आणि त्याचे कथानक बावला प्रकरणावर बेतले. कोहिनूर ही त्या काळची एक आघाडीची कंपनी होती. १९२१ च्या ‘भक्त विदुर’ मध्ये विदुराच्या वेषात गांधीजींची छबी दिसते म्हणून काही प्रांतांत त्या चित्रपटावर बंदी आली होती, म्हणजे पौराणिक कथेच्या आडून वर्तमानावर बोलण्याचा अनुभव कंपनीच्या गाठीशी होता. पौराणिक आडपडदा सोडून ताज्या खटल्याकडे वळणे हे त्याच्या पुढचे पाऊल होते.

हे पाऊल टाकायला बाजारही तयार होता. तेव्हा भारतात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत अमेरिकी चित्रपटांचा वाटा फार मोठा होता. पर्ल व्हाइट आणि एडी पोलो यांच्या धाडसी मालिका, म्हणजे दर आठवड्याला नव्या संकटाशी संपणारे भाग, पाहण्यासाठी मुंबईकर गर्दी करत. या मालिकांनी प्रेक्षकाला मोटारींचा पाठलाग, पिस्तूल, पळवून नेलेली तरुणी आणि ऐनवेळी होणारी सुटका यांची सवय लावली होती. मलबार हिलच्या घटनेत यांतील प्रत्येक गोष्ट खरोखर घडलेली असल्यामुळे अमेरिकी साच्याला मुंबईचा मजकूर मिळाला. त्याच काळात कोहिनूर आणि तिच्या बरोबरीच्या कंपन्या ‘टेलिफोन नी तरुणी’, ‘टायपिस्ट गर्ल’ (दोन्ही १९२६) अशा चित्रपटांतून शहरात नोकरी करणाऱ्या नव्या स्त्रीलाही पडद्यावर आणत होत्या, आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटर ‘सावकारी पाश’ मधून पैशाच्या दुसऱ्या, म्हणजे कर्जाच्या फासाची कथा सांगत होते. १९२५ च्या आसपास मराठी मुलखातील चित्रपटाने देवदेवतांकडून वर्तमान समाजाकडे जे वळण घेतले, त्यात ‘कुलीन कांता’ चे स्थान सनसनाटीच्या पलीकडचे आहे. राजा नेहमी न्यायाचा रक्षक असतो हे पौराणिक पटांतील गृहीतक या चित्रपटाच्या मूळ घटनेनेच खोडून काढले होते.

भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. त्यामुळे या काळाचा अभ्यास करणाऱ्याला चित्रपटांपेक्षा खटल्यांच्या नोंदी, जाहिराती आणि वृत्तपत्रांतील मजकूर यांवरच अधिक विसंबावे लागते. साक्ष टिकली आणि तिच्यावरचा चित्रपट विरला, हा या प्रकरणाचा एक बोलका परिणाम आहे.

मिस्टर ए आणि राजांचे मौन

ज्या हिवाळ्यात मलबार हिलवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये ब्लॅकमेलचे एक अस्सल प्रकरण नुकतेच गाजून गेले होते. १९१९ च्या नाताळात पॅरिसच्या एका हॉटेलात काश्मीरचे युवराज हरिसिंग एका विवाहित इंग्रज स्त्रीच्या सहवासात असताना तिचा पती असल्याची बतावणी करणारा माणूस खोलीत घुसला. घटस्फोटाच्या दाव्यात आपले नाव ओढले जाईल या भीतीने युवराजांनी प्रत्येकी दीड लाख पौंडांचे दोन धनादेश दिले. युवराजांचा स्वतःचा ब्रिटिश अंगरक्षक-अधिकारी या कटात सामील होता. खऱ्या पतीने, आपल्या नावाचे पैसे इतरांनी परस्पर काढले असे सांगून, १९२४ मध्ये बँकेवरच दावा लावला, म्हणून हे सारे उजेडात आले; पण सुनावणीत युवराजांचा उल्लेख बराच काळ फक्त ‘मिस्टर ए’ असा होत राहिला. स्त्रीचे नाव, तिच्या पतीचे नाव, तिचे पूर्वायुष्य हे सर्व वृत्तपत्रांत छापले जात होते, आणि पैसे देणाऱ्या पुरुषाच्या नावावर मात्र सरकारी विनंतीने पडदा होता.

पॅरिस आणि मलबार हिल ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली तर पैशाचे दोन उपयोग दिसतात. एकात गुपित झाकण्यासाठी पैसा दिला गेला, दुसऱ्यात पैसा आणि अधिकार वापरूनही परत न आलेल्या स्त्रीवर शस्त्र चालवले गेले. दोन्हींत संस्थानिकाला मौनाचा अधिकार होता आणि स्त्रीला नव्हता. हॉलिवूडचे गुन्हेपट ज्या श्रीमंतांच्या कथा सांगत होते ते अमेरिकी उद्योगपती आणि शेअरदलाल होते. हिंदुस्थानात त्यांची जागा संस्थानिकांनी घेतली होती, आणि उद्योगपतीला जे संरक्षण केवळ पैसा देई ते संस्थानिकाला कायदाही देत होता.

पडद्यावरची शिक्षा

या कथांचा शेवट कसा व्हावा यावर अमेरिकेत मोठा संघर्ष झाला. १९२१-२२ मध्ये हॉलिवूडमधील कलावंतांच्याच आयुष्यातील प्रकरणांनी खळबळ उडाल्यावर निर्मात्यांच्या संघटनेने विल हेज यांना प्रमुख नेमले, १९२७ मध्ये काय दाखवू नये आणि काय जपून दाखवावे याची यादी केली, १९३० मध्ये निर्मितीची आचारसंहिता लिहिली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू केली. संहितेनुसार गुन्हा आणि व्यभिचार यांना चित्रपटात फळ मिळता कामा नये, शिक्षा व्हायलाच हवी. या नियमाचा परिणाम एकाच कथेच्या दोन चित्रपटांत स्वच्छ दिसतो. सॉमरसेट मॉम यांच्या ‘द लेटर’ या नाटकात मलायातील एका रबर मळेवाल्याची पत्नी आपल्या प्रियकराला गोळ्या घालते, स्वसंरक्षणाचा दावा करते, पण तिने लिहिलेले एक पत्र दुसऱ्या स्त्रीच्या हाती असते आणि ते परत मिळवण्यासाठी पतीची सारी पुंजी खर्ची पडते. मूळ नाटकामागे क्वालालंपूर येथील १९११ चा एक खरा खटला होता. १९२९ च्या चित्रपटात ती स्त्री निर्दोष सुटते आणि ज्याला मारले त्याच्यावरच आपले अजून प्रेम आहे असे पतीला सुनावते. १९४० मध्ये विल्यम वायलर यांनी बेट डेव्हिस यांना घेऊन तीच कथा केली तेव्हा संहितेपायी अखेरीस तिचा खून करवावा लागला. पत्र विकत घेण्यासाठी पैसा ओतणारी व्यवस्था मात्र दोन्ही चित्रपटांत सहीसलामत राहते.

संहितेने व्यक्तीला शिक्षा केली, पण व्यक्तीच्या खासगी आयुष्याचे रक्षण करण्याचा प्रश्न तिने हाताळला नाही. तो न्यायालयाकडे गेला. ‘कुलीन कांता’ च्याच वर्षी, १९२५ मध्ये, अमेरिकेत ‘द रेड किमोनो’ हा चित्रपट आला. पूर्वी वेश्याव्यवसायात असलेली आणि खुनाच्या आरोपातून १९१८ मध्ये निर्दोष सुटलेली एक स्त्री लग्न करून नव्याने संसार करत असताना, या चित्रपटाने तिची कथा तिच्या खऱ्या नावानिशी दाखवली. तिने दावा लावला आणि १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने असा निर्वाळा दिला की खटल्याच्या सार्वजनिक नोंदींतील घटना वापरण्यास हरकत नसली, तरी सुधारून सन्मानाने जगणाऱ्या व्यक्तीचे खरे नाव तिच्या भूतकाळाला चिकटवून तिचे आयुष्य उद्ध्वस्त करण्याचा अधिकार कोणालाही नाही. साक्ष ही सार्वजनिक असते, पण साक्षीदार ही सार्वजनिक वस्तू नसते, हा भेद या निकालाने प्रथमच इतक्या ठामपणे मांडला. भारतात खासगीपणाचा मूलभूत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये मान्य केला, आणि पत्नीला पतीची मालमत्ता मानणाऱ्या विचारावर उभे असलेले व्यभिचाराविषयीचे कलम ४९७ हे २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झाले. मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार करणाऱ्यांच्या मनातील मालकीची कल्पना कायद्याच्या पुस्तकातून पुसली जायला त्यानंतर ९३ वर्षे लागली.

श्रीमंती, व्यभिचार आणि ब्लॅकमेल यांवरील आरंभीच्या गुन्हेपटांना केवळ उथळ करमणूक समजून बाजूला सारणे म्हणूनच योग्य नाही. त्यांनी अतिशयोक्ती केली, परकीयांविषयी पूर्वग्रह जोपासले आणि पुष्कळदा खऱ्या माणसांच्या दुःखावर तिकिटे विकली, हे सर्व खरे असूनही, ज्या काळात राजा, उद्योगपती आणि घराणी आपापली गुपिते विकत घेऊन दडवू शकत होती, त्या काळात ते दडपण सामान्य प्रेक्षकाला समजेल अशा भाषेत त्यांनी उघडे केले. मात्र त्यांना हा मजकूर पुरवला तो धैर्याने बोललेल्या स्त्रियांनी. इव्हलिन नेस्बिट आणि मुमताज बेगम यांनी उलटतपासणीच्या माऱ्याला तोंड देत जे सांगितले, त्यावाचून फिलाडेल्फियाचा किंवा मुंबईचा चित्रपट उभाच राहिला नसता. म्हणून बावला प्रकरणाचा इतिहास लिहिताना किंवा वाचताना तो एका महाराजाच्या मोहाचा आणि ऱ्हासाचा इतिहास म्हणून न पाहता, सर्व बाजूंनी दबाव असताना खुल्या न्यायालयात उभे राहून बोललेल्या एका तरुणीच्या साक्षीचा इतिहास म्हणून पाहणे अधिक न्याय्य आहे. मराठी मुलखाच्या चित्रपट-इतिहासातही तिला जागा मिळायला हवी ती कथेची नायिका म्हणून नव्हे, तर त्या कथेची पहिली कथनकर्ती म्हणून.